विसावा खडा

कोहमाऱ्याजवळच्या त्या राईस मिलमधलं भिंतीवरचं घड्याळ मुद्दाम दहा मिनिटं पुढे लावलेलं होतं. मजूर वेळेवर यावेत म्हणून ही युक्ती. आणि ती मजुरांना ठाऊक असल्यामुळे ते दहा मिनिटं उशिराच यायचे. मुनीम श्यामलालने ऑफिसातला कॉम्प्युटरही त्याच घड्याळाशी जुळवून ठेवला होता.

धानाच्या टाकीत वीस मिनिटं वाफ सोडून व्हॉल्व्ह बंद करायचा, हे काम देवीदास बावीस वर्षं हाताने करत आला होता. साठपर्यंत मोजायचं आणि एक खडा उजव्या खिशातून डाव्यात टाकायचा. २०१५ साली त्याच्या पोरीने, अल्काने, हे काम करणारा प्रोग्राम लिहिला. बाप वाफेपासून दूर बसावा, एवढंच तिला हवं होतं. पण जित्याची खोड! देवीदास खडे घेऊन टाकीजवळ उभाच.

एका सकाळी तपासणीचे साहेब येणार होते. कागदावर खोटी वेळ छापली जाऊ नये म्हणून श्यामलालने वाफ चालू असतानाच कॉम्प्युटरचं घड्याळ दहा मिनिटं मागे घेतलं. पडद्यावर पंधरा मिनिटं झालेली दिसत होती, ती पाच झाली. आपलंच काही चुकलं म्हणून अल्का कोड चाळत बसली. घड्याळच मागे गेलंय आणि वाफ दहा मिनिटं जास्त चालणार, हे लक्षात आलं तेव्हा तिच्या काळजाचं पाणी झालं. ती टाकीकडे धावत सुटली.

वीस खडे होऊन गेले होते आणि दाबाचा काटा लालात गेला होता. देवीदासने हाताने चाक फिरवून व्हॉल्व्ह बंद केला होता आणि त्याचं मनगट भाजलं होतं.

"घडी मांगं करता येते," तो दात आवळून म्हणाला. "खिशातला खडा मांगं जाते का?"

अल्काला स्वतःचाच संताप आला. ज्या भाषेत ती प्रोग्राम लिहायची, त्या भाषेला एकच वेळ माहीत होती, घड्याळाची. तिने भाषा बांधणाऱ्यांना कळवलं. वाफ चालू असताना घड्याळ मागे घेणारा माणूस असतो तरी कुठे, असं त्यांनी विचारलं. उंटावरचे शहाणे! तिने त्या सकाळची नोंद पाठवली आणि सुचवलं की प्रत्येक वेळेबरोबर दोन आकडे ठेवा. एक घड्याळाचा, माणसांना दाखवायला. दुसरा मशीन सुरू झाल्यापासूनच्या मोजणीचा, जो फक्त पुढेच जातो. किती वेळ गेला, ते दुसऱ्यावरून काढा. चार महिने वाद घालून त्यांनी ते मान्य केलं.

भाषेची नवी आवृत्ती आली. चाचणीला टाकीजवळ कोण उभं राहणार, हा प्रश्न होता. देवीदास उठला.

"बाबा, तुमी बाहेर बसा. चूक माजी होती."

पंधराव्या मिनिटाला श्यामलालने ठरल्याप्रमाणे घड्याळ मागे घेतलं. अल्काने चाकावर हात ठेवला. काटा चढत होता आणि दारातून तिला फक्त बापाचा हात दिसत होता. सतरावा खडा. अठरावा. एकोणिसावा.

खट्ट झालं. चाक तिच्या हाताखाली आपोआप फिरलं. बाहेर विसावा खडा अजून देवीदासच्या चिमटीतच होता. तो त्याने डाव्या खिशात टाकला.

"उद्यापासून बाहेरच बसीन," तो म्हणाला. "पन खडे राहू दे. अठी मिलमंदी लाइट जाते."

अल्का हसली. मग त्याच्या मनगटावरचा डाग दिसला आणि तिला हसता येईना.