अगदी मापात

विमानतळावर सामानाच्या सरकत्या पट्ट्यापाशी दोनशे माणसं आपापल्या बॅगांची वाट बघत उभी होती, आणि फूटपट्टी त्या माणसांचे पाय बघत उभे होते.

"तो लाल मोज्यांवाला बघ. पाय नऊचा, बूट दहाचा. म्हणून फटक फटक वाजतोय. आणि ती निळ्या कोटवाली, सहा. डावा पाय किंचित मोठा आहे तिचा."

"अहो, हळू," बाई म्हणाल्या.

"इथे कुणाला मराठी कळतंय?"

"मराठी नाही कळत, पण तुमचं बोट दिसतंय ना त्यांना!"

फूटपट्टी म्हणजे बाईंचे यजमान. छत्तीस वर्षं एकाच चपलांच्या दुकानात, एकाच बुटक्या स्टुलावर बसून त्यांनी गिऱ्हाइकांच्या पायांत चपला चढवल्या. माप घ्यायची लोखंडी पट्टी दुकानात होती, पण तिला त्यांनी कधी हात लावला नाही. माणूस दारातून आत आला की हे तिथूनच नंबर सांगून मोकळे. म्हणून दुकानातल्या पोरांनी त्यांना फूटपट्टी म्हणायला सुरुवात केली आणि पुढे मालकही तेच म्हणायला लागले. बाई प्राथमिक शाळेत शिकवायच्या, त्यामुळे त्यांना भाजीवाल्यापासून डॉक्टरांपर्यंत सगळे बाईच म्हणत.

दोन महिन्यांपूर्वी फूटपट्टी निवृत्त झाले. निवृत्त झाले म्हणायचं, एवढंच. दुकानात एक मशीन आलं. त्यावर पाय ठेवला की पडद्यावर नंबर उमटतो, वर पायाचं रंगीत चित्रही निघतं. मालकांनी निरोप समारंभात शाल दिली, नारळ दिला आणि भाषणात म्हणाले, "यांची नजर म्हणजे नजर, पण आता मशीन आहे." घरी येऊन फूटपट्टींनी शाल कपाटात ठेवली आणि आठ दिवस कुणाशी धड बोलले नाहीत. मुलगा आणि सून घाबरले. दोघांनी मिळून ही परदेशाची सहल बुक केली. पायांचं मालीश, गरम पाण्याचे झरे, पाच दिवस नुसता आराम. "आई, आता तुमच्या पायांना सुट्टी," सून म्हणाली, आणि बाईंनी पाय साडीच्या काठाखाली ओढून घेतले.

कारण पायांच्या बाबतीत बाईंचं एक गुपित होतं. ते आधीच सांगून टाकलेलं बरं.

चौतीस वर्षांपूर्वी फूटपट्टी आईवडिलांबरोबर लग्नाचं बोलायला बाईंच्या घरी आले, तेव्हा दीड तास मान खाली घालून बसले होते. मुलगा फार लाजाळू आहे, असं सगळ्यांना वाटलं. कसला लाजाळू! तो मुलीचे पाय मोजत होता. लग्न ठरलं तसा पठ्ठ्या एक खोकं घेऊन हजर झाला. आत मोरपंखी सँडल, पाच नंबर. "विचारलं नाही, मोजलं नाही. नुसत्या नजरेनं आणलंय," असं त्यानं भरल्या घरात जाहीर केलं. दोन्हीकडची माणसं गोळा झाली. बाईंनी पाय आत घातला, आणि करंगळीला अशी कळ लागली की डोळ्यांत पाणी आलं. बाईंचा पाय सहाचा होता. त्यांनी वर पाहिलं. समोरच्या पोराचा चेहरा परीक्षेच्या निकालाची वाट बघत असल्यासारखा झाला होता.

"कसं आहे?" त्यानं विचारलं.

"अगदी मापात," बाई म्हणाल्या.

झालं. त्या दोन शब्दांनी बाईंचं पाऊल अडकलं ते अडकलंच. दर दिवाळीला, दर वाढदिवसाला फूटपट्टी पाच नंबर आणायचे आणि बाई तोंड दाबून बुक्क्यांचा मार खायच्या. वर्गात टेबलाखाली सँडल काढून ठेवायच्या. उजव्या करंगळीला कुरूप झालं, मग करंगळी वाकडी झाली. अख्ख्या गावाच्या पायांचं बिनचूक माप सांगणाऱ्या माणसाच्या घरात असा दिव्याखाली अंधार. पुढेपुढे मात्र नवल झालं. सँडल चावेनाशी झाली. कंपनीनं साचा सुधारला असेल, किंवा पायांनीच हात टेकले असतील, असं बाईंनी मानून घेतलं. शिवाय यजमान आता प्रत्येक नव्या जोडात, टाचेपाशी, एक मऊ चकती स्वतः सोल्युशननं चिकटवून आणायचे. "खास तुझ्यासाठी," म्हणायचे. बाईंना बरं वाटायचं.

पण करंगळी वाकडी ती वाकडीच राहिली. घरी साडीच्या काठाखाली ती झाकली जायची. इथे परदेशी बाई पाय मांडीवर घेऊन बसणार, आणि शेजारच्याच खुर्चीत हे! मशीननं नाक कापलं त्याला जेमतेम दोन महिने झाले, तोवर बायकोच्या पायानंही कापायचं? चौतीस वर्षं झाकलेली मूठ आत्ताच उघडायची नव्हती. काही झालं तरी नाही.

मालीशच्या दुकानात दोन मोठ्या आरामखुर्च्या होत्या आणि समोर दोन बुटकी स्टुलं. फूटपट्टी सवयीनं सरळ स्टुलावर जाऊन बसले. मालीशवालीनं त्यांना हाताला धरून उठवलं आणि खुर्चीत बसवलं. ते खुर्चीच्या अगदी कडेवर टेकले.

"वर बसून कसंतरीच होतंय गं. उंचावरून पाय दिसतच नाहीत नीट."

"आज तुम्ही गिऱ्हाईक आहात. टेका मागे."

मालीशवाली पिकल्या केसांची, जाड मनगटांची होती. फूटपट्टींनी तिच्या पायांकडे एक नजर टाकली आणि चार बोटं वर केली. तिला आधी कळेना. मग कळलं तशी ती खो खो हसली, स्वतःची चप्पल काढून उलटी केली आणि तळाचा आकडा दाखवला. चारच होता. तिनं आतल्या मैत्रिणींना हाका मारल्या. एकेक जण पडद्याआडून पाय पुढे करी आणि हे बोटं दाखवत. पाच. साडेपाच. तीन. सगळे बरोबर! फूटपट्टी खुर्चीत मागे टेकले, पाय पसरले, आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा मनापासून हसले. बाईंना इतकं बरं वाटलं की आपल्या करंगळीचा त्यांना क्षणभर विसरच पडला.

कोमट पाण्यात पाय धुऊन झाले. दुसरीनं फूटपट्टींचे पाय घेतले, मालीशवालीनं बाईंचे. अंगठ्यानं तिनं तळव्यावर असा काही दाब दिला की बाईंना शाळेची तीस वर्षं पायांतून उतरल्यासारखी वाटली. "आई गं," त्या म्हणाल्या, "हे आधी का नाही केलं कुणी?"

डावा पाय झाला. उजवा पाय हातात घेतला आणि मालीशवाली थांबली. करंगळी तिनं दोन बोटांत धरून उजेडाकडे वळवली. मग मोबाईलमध्ये काहीतरी बोलली, आणि मोबाईल खणखणीत मराठीत म्हणाला, "ह्या पायाने लहान घरात खूप वर्षे काढली आहेत."

"घर लहान होतं आमचं, दोन खोल्यांचं," बाई घाईघाईनं म्हणाल्या.

मालीशवालीनं मान हलवली आणि पुन्हा बोलली. मोबाईल म्हणाला, "बूट. लहान बूट. करंगळी रडते."

"लहानपणी दगडावर आपटली होती हो," बाई यजमानांकडे बघून म्हणाल्या. "खेळताना. हिला काय कळतंय?"

फूटपट्टींनी वाकून ती करंगळी पाहिली. परत येताना रस्त्यावर शेकडो पाय होते. उंच टाचांचे, सपाट, अनवाणीसुद्धा. पण त्यांनी एकाचाही नंबर सांगितला नाही. जेवताना मीठसुद्धा मागितलं नाही. आपलं पितळ उघडं पडलं, बाईंना कळून चुकलं. आता हा माणूस पुन्हा आठ दिवस बोलणार नाही, आणि परदेशात तर समजूत काढायला सूनही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी झऱ्यावर गेले. डोंगराच्या कुशीत दगडी कुंडं बांधलेली, वाफ, गंधकाचा वास. आतली मोठी कुंडं बायकांची आणि पुरुषांची वेगळी होती. बाहेर एक उथळ कुंड सगळ्यांसाठी. काठावर बसायचं आणि नुसते पाय सोडायचे. बाईंनी सँडल काढून बाजूला ठेवली आणि गुडघ्यापर्यंत पाय सोडले. पाणी असं होतं की हाडं लोण्यासारखी मऊ व्हावीत. पण जिवाला चैन कुठली! उजवा पाय त्यांनी डाव्याखाली दडवून ठेवला होता.

"अगं," फूटपट्टी म्हणाले, "उजवा पाय दाखव जरा."

"काय बघायचंय त्यात? पाण्यात छान दिसतायत ना दोन्ही?"

"दाखव म्हणतो ना."

बाईंनी पाय झटकन वर ओढला, मागे सरकल्या, आणि त्यांच्या हाताचा धक्का लागून उजव्या पायाची सँडल डुबुक्कन पाण्यात गेली. गरम पाण्यात ती गोल गोल फिरत पलीकडे चालली. कुंडावरचा माणूस लांब दांड्याच्या जाळीनं पाण्यातली पानं काढत होता. त्यानं बऱ्याच खटपटीनंतर पानांबरोबर सँडलही काढली आणि अदबीनं आणून दिली.

"इकडे दे, इकडे दे!" फूटपट्टी जवळजवळ ओरडलेच. "मी बघतो. तू राहू दे."

बाईंनी तीस वर्षं वर्ग सांभाळला होता. बाकाखाली काहीतरी लपवणाऱ्या पोराचा चेहरा त्यांना झोपेतही ओळखू आला असता. त्यांनी हात लांब करून सँडल आधी घेतली.

गरम पाण्यानं सोल्युशन सुटलं होतं. टाचेची मऊ चकती एका बाजूनं लोंबत होती. तिच्याखाली सोनेरी अक्षरांत कंपनीचं नाव होतं आणि नावाखाली आकडा. सहा.

बाईंनी चष्मा पुसला आणि पुन्हा पाहिलं. सहाच होता.

"हे काय?"

"सहा," फूटपट्टी पाण्याकडे बघत म्हणाले.

"खोक्यावर तर पाच असतो!"

"खोकं पाचाचं असतं. माल सहाचा असतो. चकती आतला आकडा झाकायला. तळाचा मी खरवडून टाकतो."

"कधीपासून?"

"एकवीस वर्षं."

बाई त्या सोनेरी आकड्यावरून बोट फिरवत राहिल्या. फूटपट्टीच बोलायला लागले.

"एकदा तू न्हाणीघरातून बाहेर आलीस. फरशीवर ओली पावलं उमटली होती. मी नेहमीसारखा नंबर सांगायला गेलो, मनातल्या मनात. सहा. मला वाटलं, कुणी पाहुणी आलीय. मग बघितलं तर घरात दुसरं कुणीच नव्हतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू भरल्या घरात म्हणाली होतीस, अगदी मापात. तुझा शब्द खोटा पाडू?"

"आणि मी तुमची नजर खोटी पाडू नये म्हणून इतकी वर्षं पाय आखडून घेतले!"

दोघांची अळीमिळी गुपचिळी! बाईंना आधी राग आला, मग हसू आलं, मग दोन्ही एकदम आलं. शेजारी बसलेल्या जोडप्यानं बिचकून पाय काढून घेतले.

फूटपट्टी मात्र हसले नाहीत. "एकवीस वर्षांचं सोड. त्याच्या आधीची तेरा वर्षं मी तुला पाचाची घालायला लावली. मला वाटायचं, वेळेवर लक्षात आलं, निभावलं. काल ती करंगळी बघितली तेव्हा कळलं. लोकांचे पाय जन्मभर हातात घेतले मी. तुझा एकदाही नाही घेतला." एवढं बोलून ते काठावरून उठले, पँटसकट पाण्यात उतरले आणि बाईंचा उजवा पाय त्यांनी दोन्ही हातांत धरला.

"अहो, पाय काय धरताय! लोक बघतायत."

"बघू देत. एकवीस वर्षांपूर्वीच... नाही, चौतीस वर्षांपूर्वीच धरायला हवे होते." त्यांनी वाकडी करंगळी अंगठ्यानं हळूहळू चोळली. मालीशवालीची सर नव्हती, पण बाईंनी पाय ओढून घेतला नाही. त्यांना रडू येत होतं आणि ते त्यांनी आवरलं नाही.

भिजलेली सँडल घालण्यासारखी राहिली नव्हती. झऱ्याच्या उतारावर चपलांचं एक छोटं दुकान होतं. बाई कुंडावर मिळालेल्या कागदी सपाता घालून तिथवर आल्या. विकणारी मुलगी स्टूल घेऊन पुढे झाली, तर फूटपट्टींनी खुणेनं ते मागून घेतलं आणि ओल्या पँटनं त्यावर बसले. तिथे त्यांचा जीव जागेवर आला.

"सांगा नंबर," बाई म्हणाल्या.

त्यांनी बाईंच्या पायाकडे पाहिलंच नाही. कोपऱ्यात लोखंडी पट्टी टांगली होती, ती मागून घेतली. बाईंची टाच पट्टीवर नीट बसवली, सरकता तुकडा अंगठ्यापाशी आणला आणि चष्मा वर करून वाचलं. मग पुन्हा वाचलं.

"साडेसहा," ते ओशाळून म्हणाले. "वयानं पाय पसरतात. म्हणजे सहाचीही आता..."

"हं," बाई म्हणाल्या.

मुलीनं एक बदामी रंगाची जोडी आणून दिली. फूटपट्टींनी ती बाईंच्या पायांत चढवली, पट्टा लावला आणि वर पाहिलं. चेहरा तोच, चौतीस वर्षांपूर्वीचा, निकालाची वाट बघणारा.

"कसं आहे?"

बाई दोन पावलं चालल्या. सवयीनं ओठांवर तेच दोन शब्द आले होते. त्यांनी ते गिळले.

"करंगळीला चावतंय," त्या म्हणाल्या.

"कुठे? इथे? का थोडं वर?" फूटपट्टी स्टुलावरून जवळजवळ उडालेच. "थांब, काढ, काढ ते. दुसरं बघू. अगं, सांगत जा ना असं!" आणि ते विकणाऱ्या मुलीला दोन्ही हातांनी खुणा करायला लागले, की आहेत तेवढे सगळे जोड काढ, आम्हाला घाई नाही.