झिजलेले ब्रश

मावशीने एकदा अल्टरनेटर उघडून टेबलावर मांडला, की तिला चहाचीही शुद्ध राहायची नाही. सगळी गल्ली तिला मावशीच म्हणायची. नवरा गेल्यावर गाड्यांच्या वायरिंगचं दुकान तिने एकटीने चालवलं, आणि चालवलं म्हणजे कसंबसं नव्हे. भल्याभल्यांनी हात टेकलेल्या गाड्या तिच्याकडे यायच्या आणि गुमान चालू लागायच्या.

त्या शनिवारी मात्र टेबलावरचा अल्टरनेटर पोटच्या पोराच्या गाडीचा होता. गाडी म्हणजे काय, दोन माणसं अंग चोरून बसतील एवढी, पोट जमिनीला टेकलेली जुनी स्पोर्ट्‌स कार. चिरंजीवांनी ती भंगारातून उचलून आणली, वर्षभर घासली, आणि आता ती घेऊन डोंगराच्या रस्त्यावर शर्यती मारायचं खूळ डोक्यात घेतलं होतं. उद्या सकाळी शर्यत, आणि ऐन वेळी बॅटरी भरेना. इंजिन चालू असताना ती भरत ठेवायची ती अल्टरनेटरने, आणि त्यानेच मान टाकलेली.

"आई, हे तुझ्याशिवाय कुणाच्या बापाला जमणार नाही," असा मस्का लावून, "गाडीत बसवायचं मी बघतो," म्हणत तो आंघोळीला पळाला.

मावशी हसली नाही. मागच्या शर्यतीत त्याचा जिवलग मित्र वळणावरून खाली गेला होता. जगला, पण अजून अंथरुणातच आहे, आई भरवेल तेव्हा जेवतो. त्याला बघून आल्या दिवसापासून मावशी पोराच्या मागे लागली होती. पोराला समजावून झालं, भांडून झालं, अबोला धरून झाला. तिशीला आलेला घोडा, त्याला काय खोलीत कोंडणार?

मग तिने केलं ते असं. बेअरिंग नवी टाकली, तांब्याच्या तारांचं वाइंडिंग तपासलं, सगळं लख्ख पुसलं. फक्त ब्रश, म्हणजे आतल्या फिरत्या भागाला टेकून वीज पोचवणारे ते कार्बनचे दोन चिमुकले तुकडे, तेवढे जुनेच परत बसवले. पार झिजलेले. नवे खोक्यात तसेच राहिले. तिचा हिशेब सरळ होता. पोराची बॅटरी म्हातारी, त्यात अर्धी उतरलेली. गावाबाहेरचा शेवटचा सिग्नल ओलांडायच्या आत गाडी बसेल, मग "भाग मागवावा लागेल, आठवडा जाईल" म्हणायचं, की शर्यत गेली उडत. आयुष्यात पहिल्यांदा ती मुद्दाम काम बिघडवत होती, आणि हात मात्र नेहमीच्याच सफाईने चालले होते. तिची तिलाच लाज वाटली.

दुपारी चिरंजीव हॉर्न वाजवत निघाले. मावशी फोन जवळ घेऊन बसली. आत्ता येईल, मग येईल. फोन काही वाजेना.

चहाच्या वेळी मामा आला. मामा म्हणजे तिचा थोरला भाऊ. पोराचा मामा म्हणून सगळ्यांचाच मामा. दुकानाचा टेम्पो तो चालवायचा.

"गेला का गं वाघ?"

"गेला. येईलच आता ढकलत. त्याच्या बॅटरीत आहे काय?"

"कुठली बॅटरी? ती कधीच काढली त्याने. काल मीच होतो की बरोबर. ही एवढी धिप्पाड नवी घेतली, डिकीत बसवली. म्हणाला, आईला सांगू नकोस, पैसे उडवले म्हणून डोकं खाईल."

मावशीच्या हातातला कप हातातच राहिला. नवी, काठोकाठ भरलेली बॅटरी! म्हणजे गाडी इथे बसणारच नव्हती. बॅटरीच्या जिवावर मजेत डोंगरापर्यंत जाणार होती आणि तिथे एकाएकी अंधार करणार होती. शिवाय झिजलेले ब्रश टेकायचे थांबले, तर चार्जिंग बंद पडल्याचं सांगणारा समोरचा तांबडा दिवासुद्धा लागत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? पोराला आधी कळायला काही मार्गच नव्हता.

"मामा, टेम्पो काढ. अरे, काढ आधी!"

हत्यारं आणि नव्या ब्रशचं खोकं उचलून तिने फोन लावला, वाजत राहिला. पुन्हा लावला, पुन्हा तेच. वाटेत तिने मामाला सगळं सांगून टाकलं. "वेडी की खुळी गं तू?" एवढंच मामा म्हणाला, आणि त्याने टेम्पो आणखी दामटला. मावशी प्रत्येक वळणावर कठड्याकडे बघत होती. कठडा धड दिसला की श्वास सोडायची, पुढचं वळण आलं की पुन्हा धरायची.

बोगद्याच्या पलीकडे, उजेड सरता सरता गाडी दिसली. नाक कठड्याला टेकलेलं. पोरगा दगडावर बसला होता, गार वाऱ्यात शर्ट घामाने चिंब.

"आई! तुला कसं कळलं? फोन बॅगेत राहिला गं," म्हणत तो धावत आला आणि तिच्या गळ्यातच पडला. "बोगद्यात सगळं गेलं. दिवे, इंजिन, सगळं. मागे ट्रक. त्याने बाजूने कसा काढला, त्याचं त्यालाच ठाऊक." त्याने गाडीकडे बोट दाखवलं. "माझंच चुकलं. बसवताना वायर नीट आवळली नसेन मी."

मामा रस्त्याकडे बघायला लागला. मावशीने नुसती मान हलवली असती तरी निभावलं असतं. पोरगा आपलं चुकलं म्हणून आयुष्यभर स्वतःला बोल लावत बसला असता, आणि तिने ते ऐकत राहायचं? छे!

"तुझं नाही चुकलं," ती म्हणाली. "जुने ब्रश मीच ठेवले. मुद्दाम. तू जाऊ नयेस म्हणून."

तो आधी हसला. मग त्याने मामाच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याचं हसू मावळलं.

"बोल ना रे. शिव्या दे हव्या तर."

त्याने टेम्पोतला टॉर्च काढला. इंजिनावर उजेड धरून उभा राहिला. तिने त्या उजेडात अल्टरनेटर खाली उतरवला, नवे ब्रश घातले, परत चढवला, पट्टा ताणला. शर्यतीचं नाव कुणी काढलं नाही. टेम्पोच्या बॅटरीवरून करंट दिला तसं इंजिन एका दमात उठलं आणि समोरचं वळण उजळून निघालं. चार्जिंग बघायला मावशीने सवयीने मीटर उचलला.

पोराने तो तिच्या हातातून काढून घेतला. "मामा, तू बघ."

मामाने उभ्या आयुष्यात मीटर धरला नव्हता. त्याने वायरींची टोकं उलटसुलट करून पाहिली, आकडा येईना, तेव्हा घाबरून बहिणीकडे बघितलं. मावशीने हात पुढे केला.

"तू राहू दे," पोरगा म्हणाला, आणि वाकून मामाच्या बोटांत वायरी नीट धरून द्यायला लागला.