सोबीरअकाचे कान

"थांबा! परत तीच किणकिण!" नासिबानं चेलोच्या तारांवरून गज उचलला. "अका, ऐकलीत ना?"

"ऐकली की! बहिरा आहे का मी?" म्हणत सोबीरअकानं पियानोभोवती तिसरी चक्कर मारली.

ऐकलीबिकली काही नव्हती. ताश्कंदात चाळीस वर्षं पियानो सुरात लावणारा, सगळ्यांचा 'अका', म्हणजे थोरला दादा! चिमगानच्या डोंगरात बर्फाचा कण पडला की तो ऐकून हा इथं टोपी घालतो, असं लोक सांगत. निम्मी बढाई त्याचीच. पण यंदाच्या हिवाळ्यात वरचे बारीक सूर त्याच्या कानात शिरेचनात. हे फक्त त्याला ठाऊक, नाहीतर अल्लाला.

नासिबाचा पहिलाच अल्बम. एकच रचना ध्वनिमुद्रित व्हायची राहिलेली, आणि हॉल दुपारपर्यंतच मिळालेला.

"कुठल्या सुराला होतंय?" त्यानं सहज विचारल्यासारखं केलं.

"वरच्या!" पियानोपाशी वाजवायला बसलेली मुकद्दस फटकन म्हणाली. "चहा पिऊन पिऊन कानांत पाणी झालंय वाटतं, अका!"

त्यानं एक तार ताणली, परत सैल केली. किणकिण तशीच. शेवटी घाम पुसत तो पियानोखाली शिरला. "वाजव गं!" म्हणाला आणि चाचपडत गेला. एका जागी बोटांना गुदगुल्या झाल्या.

पाण्याची बरणी! हीटरच्या कोरड्या हवेनं लाकूड तडकू नये म्हणून ठेवतात तशी, सकाळी त्यानंच ठेवलेली. पण पत्र्याचं झाकण काढायचं विसरला होता, आणि तेच थरथरत होतं.

बरणी पोटाशी धरून तो बाहेर आला. दोष ढकलायला झाडूवालीचं नाव जिभेच्या टोकावर आलं होतं. गिळलं.

"मीच ठेवली. आणि किणकिण मला एकदाही ऐकू आली नाही, पोरींनो. वरचे सूर गेले माझे."

नासिबानं गज मांडीवर ठेवला.

"मग सकाळी वरचे लावलेत कसे?" मुकद्दसनं विचारलं.

"सवयीनं."

मुकद्दस वरच्या पट्ट्या एकेक दाबत गेली. पाचवीवर थांबली. "हा सूर उतरलाय, अका."

चाळीस वर्षांत असं त्याला कुणी म्हटलं नव्हतं. त्यानं खिशातली तारा ताणायची किल्ली काढून त्या सुराच्या खुंटीवर बसवली.

"मी फिरवतो. आला की सांग."

"थोडा वर... अजून... अंहं, जास्त झाला."

सोबीरअका किल्ली केसभर मागं घेत होता, आणि तिची मान कधी हलते म्हणून तिच्या तोंडाकडे बघत होता.