फोडणीची माती

ऐका पोट्टेहो, अन मंदात "खरं का आजी?" असं इचारू नका. खोटं असतं त मी काहून सांगितलं असतं?

तवा वऱ्हाडचा कारभार नागपूरहून चाले. राजापेठेच्या मांगं भाजीचे मळे होते, त्यातला एक आमचा. माही माय मनकर्णाबाई बजारात वांगे-मेथी घेऊन बसे, अन मी, सत्यभामा, शाळेत तिसरीत. आमच्या बाई होत्या चारुशीलाबाई, वकिलाची लेक. बोलत अशा का तोंडात पेढा हाये अन तो विरघळू द्याचा नाई.

भुलाबाईचे दिवस होते. बाई वर्गात म्हणाल्या, "उद्या डिप्टीसाहेब हस्तकलेचा तास बघायला येणार आहेत. ज्यांच्याकडे मुंबईची रंगीत माती आहे, त्या मुली वर्गात बसतील. बाकीच्यांनी मागच्या वऱ्हांड्यात. आवाज न करता."

ते रंगीत मातीच्या कांड्याची डब्बी वर्गातल्या पैशेवाल्या अनुपमाजवळ होती, अन तिच्यासारख्या दोघी-तिघीजवळ. आमी माळ्याच्या पोट्ट्या साऱ्या वऱ्हांड्यात.

मी उभी राहिली. "काहून?"

"काहून नाही, का म्हणावं. आणि बस खाली."

"मी वर्गातच बसन बाई."

"माती आण, मग बस."

"आणतो," मी म्हणलं. आता आणतो म्हणलं त आणाच लागते.

घरी मी अन माही मैतरीण शकुन, दोघीनं आधी मळ्यातली काळी माती मळली. मस्त बैल केला. उन्हात ठेवला त त्याले अशी भेग पडली का आमची तांबडी कोंबडी त्या भेगेत गेली अन अजून निघाली नाई. मंग ज्वारीचं पीठ थंड्या पाण्यात भिजवलं. त्याची बाई केली. तिचं डोकं पडलं, मंग हात पडले, मंग बाईच राहिली नाई.

माही आजी पार्बताबाई उंबरठ्यावर बसून पाहून राहिली होती. म्हणे, "ज्वारी थंड्या पाण्यानं आयकत नसते वं. तिले उकड द्या लागते. मीठ टाक मूठभर, म्हणजे बुरशी नाई येत. अन जवसाचं तेल, म्हणजे हाताले चिकटत नाई. जा, रंगासाठी पालक तोडून आणा."

आमी पालक तोडून आलो अन दारातच थबकलो. घरभर लसणाचा वास!

"आजी, हे काय केलं?"

आजी कढईत पीठ हाटून राहिली होती. तेल तापलं तसा तिचा हात सवयीनं गेला. मोहरी, लसूण, हिंग, सारं पडलं.

"मंग?" आजी उलटी माह्यावरच. "चुलीवर कढई, कढईत तेल, अन मी फोडणी नाई द्याची? मी का मेली हावो काय?"

गाडग्यात दुसरं पीठ नव्हतं. तेच मळलं. पण काय लोण्यासारखं झालं, सांगू! एका गोळ्यात हळद, एकात पालकाचा रस, एकात कुंकू. पितळी डब्यात भरलं, झाकण लावलं. वास मातर एवढा का बडनेऱ्याहून येणारी आगगाडी मंदातच थांबली अन डायव्हर ताट घेऊन उतरला.

सकाळी शाळेत बाईनं पदर नाकाले लावला. "हा कसला वास?"

"माती आणली बाई."

"मातीला लसणाचा वास?"

"आमच्या मळ्यातली हाये."

"वऱ्हांड्यात जा! आत्ताच्या आत्ता!"

आमी वर्गाच्या दारातच फतकल मांडली. शकुन माह्या कानात म्हणे, "सत्ये, उठू का वं?" मी तिचा परकर दाबून धरला.

तेवढ्यात साहेबाचा टांगा आला. कमलाकांतसाहेब. त्याच्या मिशा एवढ्या का आधी मिशा उतरल्या, मंग साहेब. दारात आमी, म्हणून साहेब थांबला. नाक फुरफुरलं.

"डब्यात काय आहे?"

"काही नाही साहेब, या मुली बाहेरच चालल्या होत्या," बाई घाईनं म्हणाल्या.

"थांबा हो. भुलाबाईचे दिवस, झाकलेला डबा. खिरापत दिसते!" साहेब वऱ्हाडीच निघाला, बहिणीत वाढलेला. भुलाबाईचे गाणे झाले का झाकली खिरापत ओळखा लागते, नाई त 'हारलो' म्हणा लागते, हे त्याले कोणी सांगा लागलं नाई. डबा कानाजवळ हलवला. "ओळखू?"

मी म्हणलं, "ओळखा. पण हारले त आमी वर्गात बसू. आजही अन मंगही."

"आणि ओळखली तर?"

"त वऱ्हांड्यात. गुपचूप."

बाईचा चेहरा चुन्यासारखा झाला. साहेबानं टोपी काढली. "उकडपेंडी!"

"नाई."

"लसणाचे मुटके!"

"नाई."

"झुणका. कळण्याची भाकर. अवं, थालपीठ!"

"नाई, नाई, नाई!" आता साऱ्या पोट्ट्या ओरडून राहिल्या होत्या, अनुपमाही.

"हारलो बाप्पा," साहेब हळूच म्हणाला.

"आयकू नाई आलं."

"हारलो!"

झाकण काढलं. पिवळा, हिरवा, लाल. मी काही म्हणाच्या आत साहेबानं हिरव्याचा लचका तोडून तोंडात टाकला. मूठभर मिठाचा गोळा तो! मिशा दोन्हीकडून उभ्याच झाल्या.

"हे काय आहे?"

"माती, साहेब. हस्तकलेची."

साहेब आधी थुकला, मंग खोखो हासला. म्हणे, "बसा आत. अन काहीतरी करून दाखवा." मी त्या मातीचा साहेबच केला. मिशासाठी हळदीचा सारा गोळा लागला.

टांगा गेला तशा बाई वळल्या. "झाला तमाशा? उठा. वऱ्हांड्यात."

कोणी उठलं नाई. शकुनही नाई.

"मी काय सांगते आहे?"

"साहेब गेले बाई," मी म्हणलं, "पण हारले ते हारलेच."

बाई माह्याकडे पाहत राहिल्या. मी बाईकडे. किती वेळ? मले त वाटते कपाशीचा एक हंगाम निघून गेला. मंग बाईनं खडू उचलला, फळ्याकडे तोंड केलं अन म्हणाल्या, "पाढे. एकोणीसचा. सत्यभामा, तू म्हण."

मले एकोणीसचा येत नव्हता. तरी मी उभी राहिली, अन साऱ्यात मोठ्यानं म्हणला.