आडनाव आणि कापडाची कात्री

आमचं आडनाव पूर्ण घ्यावं तर माझ्या वडिलांनीच. मधलं अक्षर पोटातून, शेवटचं छातीतून. दुकानाच्या दारात उभं राहून त्यांनी ते घेतलं, की समोरच्या छपरावरची कबुतरं उडायची. खोटं वाटत असेल तर कबुतरांना विचारा.

या परक्या देशात ते आले ते एक शिलाई मशीन आणि हे आडनाव घेऊन. मशीन अजून चालतं. आडनाव झिजलं. ते झिजवलं मीच. चाळीस वर्षं काउंटरवर मी. गिऱ्हाइकाची जीभ अडखळायची, बिचारं ओशाळायचं, म्हणून मी मधलं अक्षर गिळायला लागलो. मुलाची नोकरी दिवसभर फोनवर बोलायची. त्याने शेवटही छाटला. नात तर असं घेते, की शिंकली समजून ऐकणारा रुमाल पुढे करतो.

तीच नात परवा दुपारी आली. "आजोबा, उद्या पदवीदान. नावं पुकारणाऱ्या बाईंना उच्चार रेकॉर्ड करून पाठवायचाय, आजच. मला पणजोबांसारखा हवाय. येतो ना तुम्हाला?"

"येतो म्हणजे? जगात फक्त मलाच येतो!" आयुष्यभर हीच बढाई मारत आलोय.

तिने फोन तोंडासमोर धरला. मी घसा खाकरला, घेतलं. पुन्हा घेतलं. पुन्हा.

"आजोबा, तीन वेळा घेतलंत, तिन्ही वेगळी निघाली."

"पडसं झालंय," मी म्हटलं. पडसं कसलं? वडिलांचा आवाज कानात लख्ख होता, तोंडात मात्र येईना. मी गेलो की तो कानातलाही जाणार.

आतल्या खोलीत आमची ही कुणाच्या तरी कोटाला अस्तर लावत होती. लग्नानंतर अठरा वर्षं वडिलांच्या शेजारच्या मशीनवर बसलेली. "अगं, आपलं आडनाव घे बरं."

तिने घेतलं. माझंच, गिळलेलं.

"आता हो?" नात रडवेली झाली.

तेवढ्यात मला आठवलं. ही रागावली की मला आडनावानेच हाक मारते, वडिलांकडून उचललेल्या थाटात. आणि तिच्या रागाचं रामबाण औषध, म्हणजे राग आणायचं, तिच्या टेबलावरच पडलं होतं. कापडाची कात्री. वडिलांची. त्या कात्रीला घरात कुणी बोट लावत नाही.

नातीला डोळा मारला, तिने फोन पुढे धरला. कात्री उचलली आणि सावकाश, करकर आवाज करत, वर्तमानपत्र कापायला लागलो.

आमची ही उठली. आणि आलं! पोटातून, छातीतून, सगळं, आणि वर, "कात्री ठेवा आधी!"

मी ठेवली नाही. मी ऐकत उभा राहिलो. दारात वडील आल्यासारखे वाटले.

"हसताय काय? धार गेली ना!" ती म्हणाली, मग माझे डोळे बघून तिने अस्तराचा तुकडा पुढे केला.

नातीने शेवटचे तीन शब्द कापून बाकीचं पाठवलं.

दुसऱ्या दिवशी सभागृहात बाईंनी आमचं आडनाव पुकारलं. भारी मेहनती बाई! उच्चार तर उचललाच, रागही उचलला. हजार माणसं दचकली. नात ऐटीत मंचाकडे निघाली.

आणि मी? खुर्चीतून ताडकन उठलो आणि हातात नसलेली कात्री खाली ठेवली.