पडून राहिली

१९७४ साली आमच्या खात्याने नागपूरला सदर भागामागचं रुईचं एक रिकामं गोदाम मुलींच्या वसतिगृहासाठी घेतलं. सगळे म्हणत होते, पाडा आणि नवं बांधा. मी पुण्याहून बदलून येऊन तीन आठवडे झाले होते. जुन्या भिंती ठेवायच्या, निघालेली वीटन् वीट पुन्हा वापरायची, असा हट्ट मीच धरला. सिमेंट मिळत नव्हतं म्हणून माझं ऐकलं गेलं. मला त्याचा फार अभिमान होता.

एका दुपारी नत्थूजी मिस्त्री सायकल दामटत कचेरीत आले.

"साहेब, मागची भिंत पडून राहिली जी."

मी नकाशावरून मान वर केली नाही. पडून राहिली आहे, तर घाई कसली?

"राहू द्या. त्याच विटा लागतील. चुना खरवडायला बायका बसवा."

"तिथंच?"

"मग काय इथे आणून बसवता?"

"तुमाले ठीक वाटते ना जी?"

"वाटतं."

शिकलेला माणूस सांगतो म्हणून ते गेले. दुसऱ्यांच्या बायका भिंतीपाशी यायला तयार होईनात, तेव्हा त्यांनी स्वतःच्या बायकोला, प्रेमिलाबाईंना, बसवलं. चार वाजता भिंत खाली आली. प्रेमिलाबाई जागच्या जागी गेल्या. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथे घर दुसऱ्याचंच रिकामं झालं.

चौकशीला मुंबईचे साहेब होते. नत्थूजींनी तेच वाक्य सांगितलं.

"आधीच पडून राहिली होती, तर पुन्हा पडली कशी?"

"पडली नोती जी. पडून राहिली होती. एकेक वीट सुटून राहिली होती."

नागपूरचा कारकून लिहिता लिहिता थांबला आणि माझ्याकडे पाहू लागला. तेव्हा मला कळलं. इथे पडून राहिली म्हणजे आत्ता, या घटकेला पडते आहे. एवढं एक वाक्य सांगायचं होतं. मी सांगितलं नाही. भीती नव्हती, दुःखही नव्हतं, काहीच वाटत नव्हतं. साहेबांनी 'मिस्त्रीचा निष्काळजीपणा' असं लिहवून घेतलं.

बाहेर नत्थूजी माझ्या सायकलपाशी उभे होते.

"मी तुमाले बरोबर सांगतलं होतं ना, साहेब?"

"हो."

"मंग आत काहून नाही बोलले जी?"

मी सायकलचं कुलूप काढत राहिलो.