तोंगचा डबा

“चेहरा चौकटीत ठेवा,” असं फोनवर लिहून आलं. मग “डोळे मिटा.” मग “उघडा.” आईनं सगळं केलं, तरी फोन तिला घेईना. चौकटीत दोन चेहरे दिसतायत, असं त्याचं म्हणणं होतं.

दुसरा चेहरा माझ्या वडिलांचा होता. शवपेटीच्या झाकणावर त्यांचा मोठा फोटो ठेवला होता आणि आई नेमकी त्याच्यापुढे बसली होती.

“नानाय, जरा इकडे सरका,” गल्लीतला जेरविन म्हणाला. “दाराकडे. मांग आंबो मध्ये येतायत.” आमच्याकडे वयस्कर बाईला नानाय म्हणतात आणि वयस्कर पुरुषाच्या नावाआधी मांग लावतात; आंबो म्हणजे माझे वडील.

“चाळीस वर्षं मध्येच येतोय तो,” आई म्हणाली आणि खुर्ची ओढत दाराकडे गेली. तिथे फोननं तिला मान्य केलं. काळा ब्लाउज, त्यावर सुतकाची काळी पिन, न विंचरलेले केस, आणि खाली हिरव्या अक्षरांत अभिनंदन. खेळायला पन्नास पेसो फुकट.

तो सोमवार होता, दुपारचे तीन. वडील शनिवारी पहाटे गेले होते. त्यांच्या वर्षभराच्या डायलिसिसमध्ये माझा पगार गेला होता आणि त्यांची बोटींची इंजिनं दुरुस्त करायची हत्यारंही. मी लुसेनाला एका लॅबमध्ये रक्ताच्या तपासण्या करते. ते जाणार हे मला घरात सगळ्यांच्या आधी कळलं होतं. कळलेली गोष्ट न बोलण्याची सवय मला तिथूनच लागली असावी.

आमच्याकडे माणूस गेलं की पाच दिवस पेटी घरात असते आणि शेजारी तिच्याभोवती बसतात. अंगणात ताडपत्री, तिच्याखाली टेबलं, टेबलांवर पत्ते. जो डाव जिंकेल त्यानं त्यातला ठरलेला हिस्सा बाजूला काढायचा. तो तोंग. तो मृताच्या घरचा. ज्यांना हातात पाकीट ठेवायला जमत नाही, तेही असे देऊन जातात आणि घेणाऱ्याची मान खाली जात नाही.

आमच्या गल्लीत एकतीस वर्षं हा तोंग माझ्या आईच्या डब्यात पडत आला. दूध पावडरचा मोठा डबा, झाकणाला चीर, कडेनं चिकटपट्टी. कुणी गेलं की आई काळा ब्लाउज घालून डबा काखेत मारून निघायची. ती स्वतः कधी खेळली नाही. टेबलाच्या कोपऱ्याला बसायची, डाव संपला की डबा पुढे सरकवायची. कुणी टाळाटाळ केली तर त्याच्याकडे नुसती बघायची. शेवटच्या दिवशी घरातल्या थोरल्या माणसापुढे चिकटपट्टी काढायची आणि हात मागे बांधून उभी राहायची. मांग टासियोच्या बायकोची माती सगळीच्या सगळी त्या डब्यातून झाली. टासियो तेव्हा आईच्या पायाशी बसून रडला होता. मी बारा वर्षांची होते, मला आठवतं.

शनिवारी दुपारी आईनं तो डबा पहिल्यांदाच आमच्या स्वतःच्या अंगणात मांडला. शेजारी पत्त्यांचा कोरा जोड. माणसं आली, पेटीत वाकून बघून गेली, आईचा हात हातात घेतला, खुर्च्यांवर बसली आणि त्यांनी खिशातून फोन काढले. रविवारी तेच. कॉफी झाली, बिस्किटं झाली, आल्याची पेज दोनदा झाली. पत्त्यांवरचा प्लास्टिकचा कागदसुद्धा कुणी फोडला नाही. सगळे एकाच ताडपत्रीखाली बसून अंगठ्यानं पोकर खेळत होते. अधूनमधून कुणीतरी हळूच शिवी द्यायचं, मग पेटीकडे बघून छातीवर क्रूस काढायचं.

सोमवारी आईनं जेरविनला विचारलं. जेरविन कोपऱ्यावर फोन रिचार्जचं दुकान चालवायचा. दोन वर्षांपासून तो या खेळात माणसं भरती करत होता, कंपनीचा टीशर्ट घालून. आमच्या अंगणातल्या सगळ्यांना त्यानंच खेळ लावून दिला होता. आईनं त्याला सरळच विचारलं, की हे सगळे खेळतायत तर माझा डबा रिकामा कसा.

“यात डबा नसतो, नानाय. आत असतो.” त्यानं तिच्या हातातच फोन दिला. “हे बघा, डाव संपला ना, डावातल्या पैशांचा वरचा आकडा कमी झाला. तोंग आपोआप कापतात. कुणी चुकवूच शकत नाही.”

“कुणीच?”

“मांग टासियोसुद्धा नाही.”

अंगणात थोडा हशा झाला. टासियोनं मान वर केली नाही.

आईला हे फार आवडलं. एकतीस वर्षांत तिला चुकवणारे बरेच भेटले होते. तिनं विचारलं, एकूण किती माणसं बसलीयत. जेरविननं पडद्याचा कोपरा दाखवला. या क्षणी अकरा हजार.

आई पेटीकडे वळली. “आंबो, ऐकलंस? अकरा हजार.”

तिथेच मी बोलायला हवं होतं.

त्यानंतर तिला आत जाऊन स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं, म्हणून ते चौकटीचं आणि चेहऱ्याचं सगळं. जेरविननं तिला अर्ध्या तासात खेळ शिकवला. दोन पत्ते तुमच्या हातात, ते कुणाला दिसत नाहीत. पाच पत्ते मध्ये, ते सगळ्यांचे. आधी तीन उघडतात, मग एक, मग एक. दर वेळी विचारतात, पुढे यायचं, वाढवायचं की सोडायचं. आईनं आयुष्यभर पत्ते बघितले होते. तिला दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. कुठला जोड मोठा, हे तर तिनंच जेरविनला एकदा दुरुस्त करून सांगितलं.

पण तिनं खेळ खेळला नाही. सगळ्यांत लहान टेबलावर बसून ती प्रत्येक डाव टाकून द्यायची. एकदा हातात दोन राण्या आल्या. जेरविन तिच्या खांद्यावरून वाकून म्हणाला, नानाय, याला कुणी सोडतं का, वाढवा. आईनं बटण दाबून त्या टाकल्या.

“घरच्यांनी खेळायचं नसतं,” ती म्हणाली. “मी फक्त डबा बघतेय.”

डाव टाकला तरी पाळी आली की थोडी रक्कम मध्ये ठेवावीच लागते, त्यामुळे तिचे फुकटचे पन्नास हळूहळू झिजत होते. ते तिनं बघितलं नाही. तिचं लक्ष फक्त वरच्या आकड्यावर होतं. तो प्रत्येक डावाला कमी व्हायचा आणि ती समाधानानं मान हलवायची. संध्याकाळच्या प्रार्थनेच्या आधी ती खुर्चीतच झोपली. शनिवारपासून पहिल्यांदा.

मी तिच्या मांडीवरून फोन उचलला आणि नियम वाचले. औषधाच्या खोक्यातला कागद जसा शेवटपर्यंत वाचते, तसे. चौतिसाव्या कलमात होतं. प्रत्येक डावातून पाच टक्के, कंपनीचं सेवाशुल्क. आणखी खाली होतं, नवीन खातं उघडून देणाऱ्याला मोबदला. म्हणजे माझ्या आईनं पेटीसमोरून खुर्ची हलवली, त्याचे पैसे जेरविनला मिळाले होते.

मी फोन परत तिच्या मांडीवर ठेवला. झोपलीय तर झोपू दे, असं मी स्वतःला सांगितलं. मंगळवारीही तेच सांगितलं, ती जागी असताना.

मंगळवारी दफनभूमीच्या ऑफिसमधला माणूस आला. आमच्या गावात आता जमिनीत जागा नाही. भिंत आहे, कपाटासारखी, पाच ओळींची. सर्वांत वरची ओळ स्वस्त, कारण तिथे शिडीनं चढावं लागतं. खालून दुसरी ओळ सर्वांत महाग. उभ्या माणसाचा हात तिथे सहज पोचतो. मेणबत्ती लावता येते, नाव पुसता येतं. आईचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत. दुसऱ्या ओळीत एकच जागा उरली होती. बुधवारी बारापर्यंत सांगा, तो म्हणाला.

“सांगायचं काय त्यात,” आई म्हणाली. “तीच.”

मी तिला बाजूला घेऊन म्हटलं, की पैशांचं एकदा बघायला हवं. तिनं फोन ठेवलेला खिसा थोपटला. अकरा हजार माणसं बसलीयत, एस्तेर, तू काय बघणार.

बुधवारी सकाळी अकराला ती कपडे ठीक करून अंगणात गेली. नऊ-दहा माणसं बसली होती, सगळ्यांच्या माना खाली. जेरविन टासियोच्या शेजारी होता. आईनं आपला फोन त्याच्यापुढे टेबलावर ठेवला, कोऱ्या पत्त्यांच्या जोडाशेजारी.

“आता उघड,” ती म्हणाली.

“काय उघडू, नानाय?”

“डबा. शेवटचा दिवस उद्या आहे, पण मला पैसे आज लागतायत. एस्तेर थोरली आहे, तिच्यापुढे उघड.”

जेरविन आधी हसला. मग त्याला कळलं आणि त्याचा चेहरा उतरला. तो वाईट माणूस नाही असं गल्लीत अजून म्हणतात. मला ते ऐकवत नाही.

“नानाय, तो तोंग तुमचा नाही. तो कंपनीचा असतो.”

“कंपनीचा.”

“हो. नियमच आहे तसा.”

आईनं थोडा विचार केला. ती खरोखरच समजून घ्यायचा प्रयत्न करत होती. मी हे तिच्या कपाळावरून सांगू शकते.

“त्यांच्यात कोण गेलंय?” तिनं विचारलं.

टेबलावर कुणाच्या तरी फोनमधून पत्ते वाटल्याचा बारीक आवाज आला.

“अकरा हजार माणसं बसलीयत,” आई म्हणाली. “तोंग घेतायत. मग पेटी कुठेय? कुणाचं माणूस गेलंय, ते तरी सांग.”

“कुणाचंच नाही, नानाय.”

“मग माझ्या अंगणात बसून, माझी पेज पिऊन, तुम्ही कुणाला देत होता?”

टासियो उठला. त्यानं खिशातून नोट काढली, पाचशेची असावी, आणि डब्याच्या चिरेकडे हात नेला. आईनं चिरेवर तळहात ठेवला.

“डाव झाला नाही, तर तोंग नाही,” ती म्हणाली. “हा भीक मागायचा डबा नाही, टासियो. तुझ्या बायकोच्या वेळीही नव्हता.”

त्या एका नोटेमागून कदाचित आणखी आठ आल्या असत्या. मी हिशेब केला, कारण मला तो करता येतो. आईनं हात काढला नाही, आणि मी तिला काढायला सांगितलं नाही. ती आत गेली. मला वाटलं पेटीजवळ बसायला गेली. ती झाडू घेऊन बाहेर आली.

पेटी घरात असताना आमच्याकडे झाडत नाहीत. झाडलं तर मृत्यू घरातल्या दुसऱ्या माणसालाही घेऊन जातो. पाच दिवस बिस्किटांचा चुरा पायाखाली राहतो, मुंग्या येतात, कुणी हात लावत नाही. आईनं ताडपत्रीच्या टोकापासून सुरुवात केली. खरखर आवाज झाला तशा सगळ्या माना वर आल्या. पाच दिवसांत पहिल्यांदा सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं. ती घाईनं झाडत नव्हती. एकेका खुर्चीखाली वाकत होती, गुडघे धरत होती, आणि माणसं पाय वर उचलत होती.

माझी मावशी दारातून म्हणाली, “पुरिंग, बाई, काय करतेस हे? आता कुणाची पाळी?”

“मी आहे की,” आई म्हणाली. “मला ने म्हणावं मरणाला. तेव्हाही हे येऊन बसतीलच.”

जेरविन सर्वांत आधी उठला. मग बाकीचे. आमच्याकडे सुतकातल्या घरच्यांनी पाहुण्यांना दारापर्यंत सोडायचं नसतं. आईनं तेवढा नियम पाळला. ती पाठमोरी झाडत राहिली.

बारा वाजून गेले. दफनभूमीतून फोन आला तो मी घेतला.

गुरुवारी वडिलांना सर्वांत वरच्या, पाचव्या ओळीत ठेवलं. दोन माणसं शिडीवर, दोन खाली, दोरानं पेटी वर घेतली. टासियो खाली उभा राहून दोर धरत होता. आईनं त्याला नको म्हटलं नाही. सिमेंट लावून झालं, शिडी निघाली, माणसं पांगली. आई डबा काखेत मारूनच आली होती. तिनं खिशातून मेणबत्ती काढली आणि वर बघितलं. मान किती मागे करावी लागते ते तिला तेव्हा कळलं. मी म्हटलं, शिडी परत बोलावते, मी चढून लावते.

“आणि तू लुसेनाला गेलीस की मग कोण लावणार?” तिनं विचारलं.

मग तिनं डबा भिंतीच्या पायाशी पालथा घातला आणि त्याच्या बुडावर मेणबत्ती चिकटवली. वारा होता, म्हणून ती हातांचा आडोसा करून बाजूला बसली. ज्योत स्थिर झाली तेव्हा खालच्या ओळीतलं एक नाव उजळलं. आमच्या ओळखीतलं नव्हतं.

“काय लिहिलंय?” आईनं विचारलं. मी वाचून दाखवलं. तिनं ते नाव एकदा म्हणून बघितलं, ब्लाउजच्या टोकानं त्यावरची धूळ पुसली, आणि मेणबत्ती संपेपर्यंत तिथून उठली नाही.